दौलतरावांचं न दिलेलं मत

रविवारी सकाळी अकरा वाजले की तुकोगंजातल्या वाबळ्यांच्या फ्लॅटमध्ये लढाई सुरू व्हायची, हे सगळ्या बिल्डिंगला पाठ होतं. खालच्या मजल्यावरचे जैनजी जिन्यात भेटले की म्हणायचे, "वाबळेजी, पोहे तो खा लेने दो फौज को!" त्याही रविवारी पोह्यांवर जिरावनचा मसाला भुरभुरलेला तसाच होता, जिलबी पुडीतच मऊ पडत चालली होती, आणि घरातले चौघे चार ठिकाणी फोनमध्ये डोकं घालून बसले होते. दौलतराव गॅलरीत वेताच्या खुर्चीवर, धाकटा मुलगा सुशांत हॉलमध्ये, मुलगी सोनल तिच्या खोलीत, आणि थोरली सून इरावती स्वयंपाकघरात, एक डोळा गॅसवरच्या दुधावर ठेवून. पाचवा अनीश, सोनलचा होणारा नवरा. तो खजरान्याला आपल्या घरी बसून खेळत होता.

खेळ समजायला अवघड नाही. एक गढी असते, ती पाच जणांनी पंधरा मिनिटं राखायची. बाहेरून दुसरे पाच चालून येतात. कोणी दरवाजा धरायचा, कोणी बुरूज, आणि एकाने जखमी गड्यांना पुन्हा उभं करायचं. ते काम इरावतीचं. तुकडीचं नाव 'पागा', कारण वाबळ्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते. ही गोष्ट दौलतराव कुठल्याही नव्या माणसाला तिसऱ्या मिनिटाला सांगतात, आणि जुन्या माणसालाही सोडत नाहीत.

"वहिनी, इकडे ये ना यार! मी पडलोय दरवाज्यात!" सुशांत ओरडला.

"येतेय! पण भावजी, दरवाजा उघडा टाकून तुम्ही पळालात कशाला?"

तोवर शत्रू आत शिरला होता. पागा हरली. लागोपाठ तिसऱ्या रविवारी हरली.

फोनमधून अनीशचा आवाज आला. "भिया, बुरा मत मानना, पण कोई तो पनौती आहे आपल्या टीममध्ये."

सुशांत हसला. "आता नाव नको घेऊ, अनीश."

"जबरन काहीही बोलू नकोस," सोनल त्याला म्हणाली खरी, पण तिचंही हसू पुरतं आवरलं नव्हतं. दौलतराव खाकरले. स्वयंपाकघरात इरावतीने गॅस बंद केला आणि दुधावर झाकण ठेवलं. अकरा महिन्यांत पागा कितीदा जिंकली होती, ते त्या घटकेला कोणाला म्हणून आठवलं नाही.

पनौती! केवढा सोपा शब्द. क्रिकेटची मॅच हरली की शेजाऱ्याला म्हणावा, गाडी बंद पडली की मागे बसलेल्याला म्हणावा. पण ज्या बाईचा नवरा चौदा महिन्यांपूर्वी गेला, तिच्या पाठीमागे तो शब्द आला की त्यात चेष्टा उरत नाही. हे त्या घरातल्या प्रत्येकाला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तर नाव घ्यायचं टाळलं.

पागा उभी केली होती थोरल्या यशवर्धनने. सांवेर रोडवरच्या एका पंपांच्या कारखान्यात तो इंजिनीअर होता. एका संध्याकाळी घरी परतताना मागून ट्रक आला, आणि घरी आला तो फक्त त्याचा फोन, एका कोपऱ्याला तडा गेलेला. त्यानंतर तीन महिने इरावतीने धड एक वाक्य उच्चारलं नाही. तुकोगंजातल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती नोकरीला होती. सकाळी जायची, संध्याकाळी यायची, ताट वाढून घ्यायची, तसंच झाकून ठेवायची. शेवटी एका रविवारी दौलतरावांनी यशचा फोन चार्ज केला आणि तिच्या हातात दिला.

"ये पोरी. एक जण कमी पडतोय आम्हाला."

त्या दिवशी दहाव्या मिनिटाला स्वयंपाकघरातून आवाज आला, "भावजी, मागे बघा, मागे!" सासूबाई, भानुमतीबाई, देवघरातून धावत बाहेर आल्या. सुनेचा आवाज त्यांनी किती दिवसांनी ऐकला होता! दौलतरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. तेव्हापासून रविवारची ती पंधरा-पंधरा मिनिटं इरावतीची झाली. एरवी ती कोणाची तरी विधवा होती. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना स्वयंपाकघरातून कपबशा पुरवणारी, बारशाला गेली तर मागच्या खुर्चीवर बसवलेली. या एका जागी मात्र चार माणसं तिला हाका मारायची, आणि ती वेळेवर पोचली तर चौघं पुन्हा उभी राहायची. तिला ही एवढीच जागा टिकवायची होती.

आता त्या खेळातला एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी येतं. तुकडीतला एखादा नकोसा झाला, तर त्याला मतदानाने बाहेर काढता येतं. कोणीही एकाने बटण दाबायचं. बाकीच्यांच्या पडद्यावर प्रश्न येतो, 'या खेळाडूला बाहेर काढायचं?' खाली हो आणि नाही. वीस सेकंदं मिळतात. कारण द्यावं लागत नाही, कोणी काय दाबलं ते दिसत नाही, आणि ज्याला काढायचं त्याला कोणी विचारत नाही. एक गोष्ट मात्र प्रत्येक तुकडीने आपापली ठरवायची असते. वीस सेकंदांत कोणी काहीच दाबलं नाही, तर त्याचं मत काय धरायचं?

पागा बनवताना यशने हे वडिलांना विचारलं होतं. दौलतराव बावीस वर्षं मराठी मंडळाचे सचिव. त्यांना विचार करावा लागला नाही.

"गप्प बसला त्याचा होकार धर. अरे, सभेत मी काय करतो? ठराव वाचायचा, 'कोणाची हरकत नाही ना?' म्हणायचं, दोन श्वास थांबायचं, की सर्वानुमते मंजूर! नाहीतर रात्र होईल, सभा संपायची नाही."

"बाबा, तुम्ही पण ना!" म्हणून यश हसला होता, आणि त्याने तसंच ठरवून टाकलं होतं.

नवरात्र संपत आलं. खंडेनवमीला वाबळ्यांकडे शस्त्रपूजन असतं. पाटावर लाल कापड, त्यावर पणजोबांची म्यान हरवलेली तलवार. काळ बदलला तशी तलवारीशेजारी स्क्रू-ड्रायव्हर, स्कूटरची किल्ली, सोनलचा लॅपटॉप असं एकेक येत गेलं. यशच्या हट्टाने मग पागेचे फोनही पाटावर बसू लागले होते. "आमची हत्यारं हीच," असं तो म्हणायचा. यंदा मंडळाने या खेळाची स्पर्धा ठेवली होती, दसऱ्याच्या दुपारी अंतिम सामना होता आणि पागा त्यात पोचली होती, त्यामुळे सुशांतने चारही फोन आधीच पुसून ओळीने मांडले.

भानुमतीबाई करंडा घेऊन बसल्या. तलवारीला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. दौलतरावांच्या फोनला लावलं, सुशांतच्या, सोनलच्या. चौथ्या फोनपाशी त्यांचं बोट थांबलं. कोपऱ्याला तडा गेलेला तो फोन. दोन वर्षांपूर्वी याच फोनला त्यांनी कुंकू लावलं होतं, आणि वर लेकाच्या कपाळालाही. आता त्यांनी बोट पदराला पुसलं, फोन उचलला आणि फ्रिजवर नेऊन ठेवला.

"याचं नंतर बघू," त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या.

इरावती दारात नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. तिने सगळं पाहिलं. अहो, फोनला कसलं आलंय वैधव्य! यंत्र तेच, तडा तोच, ज्याच्या आठवणीने त्या माउलीचा रोज जीव तुटतो त्या मुलाच्या हातचं. पण आता ते सुनेच्या हातात होतं, तेवढ्याने बाटलं. आणि हे करणारी बाई दुष्ट होती म्हणावं, तर तेही नाही. रात्री सुनेचे पाय दुखले तर तेल लावून देणारी बाई होती ती. तिच्या आईने जे केलं, सासूने जे केलं, तेच तिचं बोट आपोआप करून गेलं.

इरावतीने दौलतरावांकडे पाहिलं. ते आरतीचं पुस्तक चाळत होते. तीस वर्षं पाठ असलेल्या आरतीचं.

दसऱ्याला दुपारी चार वाजता सामना लागला. तीन डावांतले दोन जिंकायचे होते. पहिला डाव पागा हरली. सुशांतने पुन्हा दरवाजा सोडला होता, त्यात इरावतीने तिघांना सहा वेळा उभं केलं. पण ते मोजायला कोण बसलं होतं? मध्ये पाच मिनिटांची विश्रांती होती, आणि अनीशचा आत्तेभाऊ बंडू खजरान्याला फोन हातात घेऊन तयारच बसला होता.

स्वयंपाकघरात श्रीखंडाच्या वाट्या भरता भरता इरावतीच्या पडद्यावर अक्षरं आली. 'तुकडी तुमच्याबद्दल मतदान करत आहे.' बस, एवढंच. तिच्या पडद्याला बटण नव्हतं. आकडे उलटे धावत होते. वीस, एकोणीस, अठरा. ती ओट्याला टेकली. भिंतीपलीकडे हॉलमध्ये सुशांत बसला होता, दोन पावलांवर सोनल, समोर गॅलरीत बाबा. हाक मारली असती तर तिघांनाही ऐकू गेली असती. तिने तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. पुन्हा त्या तीन महिन्यांसारखंच. हाक मारून म्हणायचं तरी काय? मला काढू नका? स्वतःच्या घरात?

'बाहेर काढावं : तीन. राहावं : एक.'

पडदा काळा झाला. आणि मग जे घडलं ते सगळ्यात वाईट. बंडूला घेऊन पागा पुढचे दोन्ही डाव जिंकली. हॉलमध्ये सुशांत सोफ्यावर उड्या मारत होता, अनीश फोनवर "बोला था ना भिया, बोला था ना!" म्हणून ओरडत होता. समोरच्या तुकडीतला एक गडी वीज गेल्याने मध्येच गळला, ही गोष्ट नंतर कळली. पण तोवर सगळ्यांना पटायचं ते पटून चुकलं होतं.

सोनं वाटायच्या वेळी इरावतीने शांतपणे विचारलं, "कोणी काढलं मला?"

"वहिनी, गेम आहे तो. दिल पे मत ले," सुशांत म्हणाला. "मी तर नाहीच दाबलं."

"मी पण नाही," सोनल म्हणाली. दौलतराव म्हणाले, "आधी सोनं घे, पोरी. सणाचा दिवस आहे."

कोणीच दाबलं नाही, तर तीन मतं आली कुठून? इरावती रात्रभर त्या एका मताचा विचार करत राहिली. चौघांतला एक आपल्या बाजूचा आहे. सुशांत नव्हे, त्याच्या डोळ्यांत दिसलं. अनीश नव्हेच. सोनलचं लग्न अनीशशी, ती कशाला त्याच्याविरुद्ध जाईल? उरले बाबा. ज्यांनी फोन हातात दिला ते बाबा. हो, तेच. तिची खात्री पटली आणि तिला थोडी झोप लागली. साताऱ्याहून तिचे वडील पंधरा दिवसांपासून फोन करत होते, "इकडे ये बाळ, किती दिवस तिथं राहशील?" सकाळी तिने त्यांना सांगितलं, "नको दादा. इथं माझं माणूस आहे." त्या एका मतावर ती त्या घरात आणखी महिनाभर राहिली.

सोनलचा साखरपुडा कार्तिकात ठरला. अनीशच्या आईचा, इंदुमतीबाईंचा, फोन आला. बराच वेळ भानुमतीबाई नुसतं "हो ना, बराबर आहे तुमचं" म्हणत राहिल्या. संध्याकाळी चहाला सगळे बसले तेव्हा त्यांनी बशीकडे बघत विषय काढला.

"इरावती, साखरपुड्याचे दोन दिवस तू साताऱ्याला जाऊन ये ना. दादांनाही बरं वाटेल. इंदुमतीबाईंचं म्हणणं, मतलब, पहिलंच कार्य आहे त्यांच्याकडचं. उगाच कोणाच्या मनात काही यायला नको." त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "मग ठरलं असंच? कोणाची हरकत नाही ना?"

बावीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं वाक्य होतं ते.

इरावती दौलतरावांकडे बघत होती. तिच्या बघण्यात भीक नव्हती, भरवसा होता, आणि म्हणूनच ते बघणं सहन होत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. सुशांत मोबाइलवर अंगठा फिरवत होता. दौलतरावांनी कप उचलला, पुन्हा ठेवला. पाच सेकंदं गेली. दहा. त्यांच्या ओठांवर काहीतरी येतंय असं वाटलं, मग त्यांनी चहाचा घोट घेतला. वीस सेकंदं केव्हाच होऊन गेली.

"बाबा," इरावती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही एकट्यांनी 'नाही' दाबलंत. मग आज का गप्प?"

सोनल ताडकन उठली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "वहिनी, ते मी दाबलं होतं. अनीशला अजून माहीत नाही. मी घाबरून कुणाला बोलले नाही. सॉरी यार वहिनी, मी फक्त दाबलं, बोलले नाही."

इरावती दौलतरावांकडे वळली.

"आणि तुम्ही, बाबा?"

"मी..." दौलतरावांचा आवाज चिरकला. "मी तुझ्याविरुद्ध नाही दाबलं, पोरी. शपथ घेऊन सांगतो. मी काहीच दाबलं नाही."

"काहीच नाही." इरावतीने ते शब्द सावकाश उच्चारले. "पण नियम तुम्हीच सांगितला होतात ना यांना? हे हसून हसून मला सांगायचे. गप्प बसला त्याचा होकार."

दौलतरावांनी मान खाली घातली. त्यांना माहीत होतं. पडद्यावर वीस सेकंदं धावत असताना त्यांना पुरेपूर माहीत होतं. आपण बोट न लावताच काम होईल, मुलगा नाराज होणार नाही, जावई रुसणार नाही, आणि उद्या सुनेच्या डोळ्यांत बघून 'मी नाही दाबलं' असंही म्हणता येईल. त्यांचं एक 'नाही' पडलं असतं तर मतं दोन-दोन झाली असती, आणि बरोबरीत कोणाला काढता येत नाही. ती राहिली असती.

"बाबा, सुशांतभावजींचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "त्यांना मी नको होते, त्यांनी तसं दाबलं. तुम्हाला मी हवी होते. हवी असून तुम्ही मला जाऊ दिलंत."

दुसऱ्या दिवशी ती गेली. साताऱ्याला नाही गेली. लॅबमधल्या वल्लरीच्या खोलीत एक कॉट रिकामी होती, तिथे दोन बॅगा आणि तडा गेलेला फोन घेऊन गेली. भानुमतीबाई जिन्यापर्यंत आल्या, "अगं, दोन दिवसांचीच तर गोष्ट होती," म्हणत रडत राहिल्या. साखरपुडा झाला. पेढे झाले, फोटो झाले. सोनल प्रत्येक फोटोत हसली आणि घरी येऊन बाथरूममध्ये कोंडून घेऊन रडली.

पुढच्या रविवारी अकरा वाजता दौलतराव गॅलरीत बसले. त्यांनी तुकडीचे नियम उघडले आणि एकेक बदलला. काढायचं असेल त्याने कारण लिहायचं. ज्याला काढायचं त्याला आधी बोलू द्यायचं. मत नावानिशी दिसेल. गप्प राहील त्याचं मत राहण्याच्या बाजूने धरायचं. किती वेळ लागला? चार मिनिटं. चार मिनिटांचं काम होतं हो! मग त्यांनी इरावतीला आमंत्रण धाडलं आणि वाट बघत बसले. तासाभराने तिचा निरोप आला.

'बाबा, खेळातला नियम बदललात, बरं केलंत. पण तो नियम खेळात आला कुठून?'

खेळायला ती आली नाही.

मंडळाची वार्षिक सभा डिसेंबरात झाली. शे-दीडशे माणसं, पुढे बटाटेवड्यांचा वास. नवे सचिव ठराव वाचत होते. सातवा ठराव असा होता की, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुवासिनींचा हिरमोड होऊ नये म्हणून विधवा भगिनींसाठी वेगळ्या दिवशी वेगळा कार्यक्रम ठेवावा. शब्द सगळे गोड होते. तिळगूळही देणार होते.

"कोणाची हरकत नाही ना?" सचिवांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पेन टेकवलं.

"आहे."

माना वळल्या. चौथ्या रांगेत एकाहत्तर वर्षांचे दौलतराव वाबळे पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. शेजारी बसलेल्या भानुमतीबाईंनी "अहो, बसा" म्हणून सदऱ्याचं टोक ओढलं.

"माझी हरकत आहे. नाव लिहा, दौलतराव वाबळे. आणि कारणही लिहा. बावीस वर्षं मी त्या टेबलाशी बसून तुमच्या गप्प बसण्याला होकार लिहीत आलो. त्यात किती जणींना मी दाराबाहेर काढलं, मला माहीत नाही. त्यातली एक माझ्या घरातली होती. ती आता परत येत नाही."

"काकाजी, तुमची हरकत नोंदवतो, पण बाकी सभा तर..."

"बाकी सभा गप्प आहे. गप्प म्हणजे गप्प, तिथे हो लिहायचं नाही. एकेकाला नावाने विचारा. वेळ लागू द्या, वडे गार होऊ द्या."

सचिव घुटमळले. कोणी हसलं, कोणी घड्याळ बघितलं. तेव्हा दौलतराव स्वतःच वळले. सदऱ्याचं टोक अजून भानुमतीबाईंच्या मुठीत होतं.

"भानू," ते म्हणाले, "उभी राहा. तुझं मत सांग."